वेग किती होता?

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये आले. माझा डावा हात गळ्यात बांधलेला होता. हासळीचं हाड मोडलं होतं. बाजूच्या वॉर्डात माझा मित्र होता. तो माझ्या मागे बसला होता आणि त्याच्या उजव्या नडगीत सळई घातली होती. हवालदारांनी नाव, वय, धंदा विचारला आणि मग, कागदावरून मान वर न करता, विचारलं, "वेग किती होता?"

मी म्हणालो, "पस्तीस-चाळीस."

त्यांनी "ताशी ३५-४०" लिहिलं. तो प्रश्न त्यांना फारसा महत्त्वाचा वाटला नसावा. बाणेरजवळच्या त्या चौकात समोरून येणाऱ्या कारनं अचानक उजवीकडे वळण घेतलं, सरळ जाणारी माझी बाइक तिच्या डाव्या दारावर आदळली, हे चहाच्या टपरीवरच्या चार जणांनी पाहिलं होतं. चूक कारवाल्याची, यावर गर्दीचं एकमत होतं. कारवालाही पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होता, "मला दिसलाच नाही हो."

कार वळली तेव्हा माझ्या स्पीडोमीटरचा काटा पंचावन्नवर होता. चौकाच्या अलीकडे ४०ची पाटी आहे. ती मी अपघातानंतर पहिल्यांदा वाचली.

ही गोष्ट २०२३ची. मित्रानं नुकसानभरपाईचा दावा लावला आणि त्यात मी साक्षीदार झालो. म्हणजे तो प्रश्न मला पुन्हा विचारला जाणार होता, या वेळी शपथेवर. वकिलांनी आधीच सांगून ठेवलं, "चाळीस म्हणा. जबाबात आहे तेच. सगळे तेच म्हणतात." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कायद्याशी माझा संबंध भाडेकरारापुरता. पण साक्षीची तारीख पडेपर्यंत दीड वर्ष हातात होतं, आणि मी रात्री जागून 'चूक कोणाची' या प्रश्नाचा इतिहास वाचत बसलो. हा लेख त्या वाचनाचा.

घोडेस्वार आणि गाढव

रस्त्यावरच्या वेगाचा आणि चुकीचा हिशोब मोटारींच्या बराच आधी सुरू झाला. कायद्याच्या पुस्तकांत सगळ्यात आधी भेटतो तो १८०९ सालचा इंग्लंडमधला 'बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर' हा खटला. डर्बी गावात फॉरेस्टर नावाच्या माणसानं घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर एक वासा आडवा टाकला होता. ऑगस्टमधली संध्याकाळ, आठचा सुमार, घरोघर दिवे लागायची वेळ. बटरफील्ड गुत्त्यातून बाहेर पडला आणि घोडा भरधाव फेकत निघाला. वाशाला अडकून घोड्यासकट पडला, जबर जखमी झाला. साक्षीत निघालं, की शंभर यार्डांवरून वासा दिसेल इतका उजेड होता. बेताच्या वेगात असता तर दिसला असता.

रस्त्यात वासा टाकणं ही चूकच होती. पण न्यायालयानं बटरफील्डला एक पैसाही दिला नाही. स्वतः सावधपणे चाललास नाहीस, तर दुसऱ्याच्या चुकीबद्दल दाद मागू नकोस, असा त्याचा अर्थ. म्हणजे तुमची चूक शंभरात पाच टक्के असली, तरी हातात शून्य.

हा नियम किती कठोर आहे ते न्यायाधीशांनाही कळत असावं, कारण १८४२ साली त्यांनी त्यातून एक पळवाट काढली. त्या खटल्यात एक गाढव होतं. मालकानं त्याचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्याच्या कडेला चरायला सोडलेलं. तीन घोड्यांची गाडी चांगल्या वेगात उतारावरून आली आणि गाढव मेलं. पाय बांधलेलं जनावर सार्वजनिक रस्त्यावर सोडणं ही मालकाची चूक; पण 'डेव्हिस विरुद्ध मॅन'मध्ये न्यायालय म्हणालं, की गाडीवानाला ते टाळता येत होतं. मालक जिंकला. पुढं यातून असं तत्त्व निघालं, की अपघात टाळायची शेवटची संधी ज्याच्या हातात होती, दोष त्याचा.

आता हे वाचताना लक्षात येतं, की दोन्ही निकालांत चूक अख्खीच्या अख्खी एका माणसाच्या पदरात पडते. १८०९मध्ये ती घोडेस्वाराच्या पदरात पडली, १८४२मध्ये गाडीवानाच्या. ती वाटून देण्याची सोयच नव्हती.

वाटणी आधी समुद्रात सुरू झाली. दोन जहाजांच्या टकरीत ज्याचा जितका दोष तितकं नुकसान त्यानं सोसावं, असा कायदा ब्रिटनमध्ये १९११ साली आला. जमिनीवरच्या माणसांना तीच सवलत मिळायला १९४५ साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्यानं जखमी माणसाचा स्वतःचा दोष असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी करायची, पूर्ण नाकारायची नाही, असं ठरवलं. बटरफील्डनंतर १३६ वर्षांनी. भारतात असा स्वतंत्र कायदा झाला नाही, पण न्यायालयांनी तत्त्व उचललं. आपल्याकडच्या निकालांत 'कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स' म्हणून दहा टक्के, पंचवीस टक्के, पन्नास टक्के असे आकडे दिसतात ते त्यातूनच.

ताशी ४ मैल

चूक वाटायची तर वेग किती होता हे माहीत हवं. आणि तो कोणालाच माहीत नसतो, हेही पहिल्यापासूनचंच आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारगाड्यांचं प्रदर्शन चालू होतं. ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई मुलीबरोबर तिथं आली होती. लोकांना फेरी मारून आणणाऱ्या एका मोटारीनं तिला धडक दिली आणि ती जागीच गेली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली मेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. चौकशीत चालक आर्थर एडसॉल म्हणाला, गाडी ताशी ४ मैलांनी चालली होती. एका साक्षीदारानं सांगितलं, की ती आगीच्या बंबासारखी सुसाट आली. तज्ज्ञानं गाडी तपासून सांगितलं, की तिच्या पट्ट्यात असा बदल केलाय की साडेचार मैलांपेक्षा जास्त वेगानं ती जाऊच शकत नाही.

म्हणजे एका बाजूला चालणाऱ्या माणसाचा वेग, दुसऱ्या बाजूला बंबाचा. दोघंही बहुधा प्रामाणिक. ज्युरीनं 'अपघाती मृत्यू' असा निर्णय दिला, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं असं पुन्हा कधी घडू नये अशी आशा व्यक्त केली. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली.

साक्षीदाराला वेग कसा 'दिसतो' यावर १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक गाजलेला प्रयोग केला. विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर आल्या तेव्हा वेग किती होता? प्रश्नातलं क्रियापद फक्त बदललं. सगळ्यात जोरकस क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी उत्तर ४०.८ मैल आलं. नुसतं 'टेकल्या' अशा अर्थाचं वापरलं तेव्हा ३१.८.

मला आपली क्रियापदं आठवली. घासली, लागली, धडकली, ठोकली, आदळली, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'उडवलं'. टपरीवाला पोलिसांना म्हणाला होता, "कारनं पोरांना उडवलं." खरं म्हणजे कार जवळजवळ उभीच होती. उडालो आम्ही, पण आमच्याच वेगानं.

लॉस एंजेलिसमधली ९०० उत्तरं

आता बाइकवाल्यांचा सगळ्यात आवडता अहवाल. तो मला सापडला तेव्हा मी अक्षरशः सुटकेचा श्वास टाकला.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट हे इंजिनिअर होते आणि स्वतः मोटरसायकल चालवायचे. १९७०च्या दशकात त्यांच्या गटानं लॉस एंजेलिस भागात एक सरळसाधं पण कष्टाचं काम केलं. अपघाताची खबर आली की घटनास्थळी जायचं. घसरल्याच्या खुणा मोजायच्या, वाकलेलं लोखंड मोजायचं, हेल्मेट गोळा करायचं, सगळ्यांशी बोलायचं. असे ९००च्या वर अपघात त्यांनी स्वतः तपासले, शिवाय ३,६०० पोलिस अहवाल चाळले. १९८१ साली अहवाल आला. आजही तो 'हर्ट रिपोर्ट' म्हणूनच ओळखला जातो.

तोवर सर्वसाधारण समज असा, की बाइकवाले वेडे असतात आणि वेगानं मरतात. हर्ट यांना वेगळं दिसलं. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी, बहुतेक वेळा मोटारीशी, टक्कर होऊन झालेले. त्या टकरींपैकी दोन तृतीयांशांत मोटारवाल्यानं बाइकचा जाण्याचा हक्क डावललेला. सगळ्यात नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून येणारी मोटार आडवी वळते. तिकडे रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून ते डावं वळण. आपल्याकडे तेच उजवं. आणि मोटारवाल्याचं स्पष्टीकरण: दिसलाच नाही. मोटारवाल्याची नजर मोटारी शोधत असते. समोरून येणारी बाइक अरुंद, तिचा आकार वाढताना दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी. म्हणून दिवसाही दिवा चालू ठेवा, अशी शिफारस त्या अहवालातून पुढं आली. भारतात १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा बंदच करता येत नाही, त्यामागचा विचार हाच. समोरचे लोक हात हलवून "लाइट चालू आहे" म्हणून सांगायचे तो काळ आठवत असेल.

मी हा भाग मित्राला मोठ्यानं वाचून दाखवला. तो कुबडीवर होता. म्हणाला, "म्हणजे आपला अपघात एकदम स्टँडर्ड आहे."

एकाच वाहनाच्या अपघातांत दोन तृतीयांश वेळा चूक चालवणाऱ्याचीच होती, हे त्याच अहवालातलं वाक्य मी वाचून दाखवलं नाही. आणि पुढच्या पानांवरचे वेगाचे आकडे तर मी आधी घाईघाईनं ओलांडले. अपघाताची चाहूल लागण्याआधीचा मध्यक वेग ताशी २९.८ मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर. प्रत्यक्ष धडकेच्या क्षणीचा मध्यक २१.५ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. आणि संकट उभं राहिल्यापासून धडकेपर्यंत हातात असलेला वेळ दोन सेकंदांहून कमी.

इंजिनिअरला आकडे दिले की तो गणित करतोच. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवरून मी अंदाज काढला, की कार वळायला लागली तेव्हा मी २५ मीटरवर होतो. डोळ्यांनी पाहून हातानं ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला. कोरडा डांबरी रस्ता, बरे ब्रेक. ताशी ५५नं जाताना त्या एका सेकंदात १५ मीटर ब्रेकशिवायच निघून जातात. उरलेल्या दहा मीटरांत वेग उतरतो तो ३६पर्यंत. म्हणजे मी कारवर ताशी ३६ किलोमीटरनं आदळलो, सुमारे पावणेदोन सेकंदांनी. हर्टच्या अहवालातला अगदी मध्यक माणूस.

मग तेच गणित ४०नं केलं. पहिल्या सेकंदात ११ मीटर, ब्रेक लागल्यावर ९. एकूण २०. गाडी कारच्या पाच मीटर अलीकडे उभी राहते. मी हॉर्न वाजवतो, शिवी घालतो, घरी जाऊन विसरून जातो.

एक्सेलच्या त्या दोन ओळी मी बराच वेळ बघत होतो. गृहीतकं बदलून पाहिली. थोडा जास्त सावध, थोडे वाईट ब्रेक. ५५च्या ओळीत धडक प्रत्येक वेळी होती. ४०च्या ओळीत बहुतेक वेळा नव्हती. कारवाल्याची चूक तसूभर कमी होत नव्हती. त्यानं वळायलाच नको होतं. पण मित्राच्या पायातली सळई त्या दोन ओळींच्या मधल्या फरकात होती.

भरधाव

आता आपल्या एफआयआरकडे येऊ. कोणत्याही मराठी वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी काढा. चालकानं आपल्या ताब्यातील वाहन "हयगयीनं, अविचारानं, भरधाव वेगात" चालवलेलं असतं. हे शब्द येतात त्यामागं २०२४पर्यंत लागू असलेलं भारतीय दंड विधानाचं २७९ कलम होतं. त्या कलमाला बेदरकारपणा किंवा हयगय हवी असायची, आणि ती कागदावर आणायचा सोपा मार्ग म्हणजे 'भरधाव'. आमच्या एफआयआरमध्येही ते आहे. आरोपी कारचालक भरधाव वेगात वळला, असं लिहिलंय. कार फार तर ताशी पंधरानं वळत असेल.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत, आणि एकूण मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. हा रकाना असाच, एकेका पोलिस ठाण्यात भरला जातो. आमचा अपघात त्यात मोजला गेला असेल तर गंमत अशी, की उत्तर बरोबर आहे, फक्त गाडी चुकीची.

गर्दीचा कायदा आणखी साधा आहे: मोठ्या गाडीची चूक. मला तो पूर्वी अडाणी वाटायचा. आता वाटत नाही. जो जास्त इजा करू शकतो त्यानं जास्त जबाबदारी घ्यावी, हे नेदरलँड्समध्ये रीतसर कायद्यात आहे. मोटार आणि सायकलवाला किंवा पादचारी यांच्या टकरीत भार आधी मोटारीवर पडतो. गर्दीची खोड फक्त एवढीच, की तिलाही चूक अख्खी एकाच्याच पदरात टाकायची असते.

आपला कायदा मात्र यापासून हळूहळू दूर सरकत आलाय. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ साली आणखी एक दुरुस्ती आली. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती, पण जखमी माणसाला मदत करण्याआधी दोषी शोधलाच पाहिजे असं नाही, हे पहिल्यांदा कायद्यात आलं. आज त्याच वाटेनं मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. २०२० साली 'मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स'मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाइकवर तिघं बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही. तिघं बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसलं पाहिजे. नियम मोडणं वेगळं आणि अपघात घडवणं वेगळं.

आणि मग २०१५चा 'खेन्येई' खटल्यातला निकाल. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. जखमी माणसाचाच काही दोष असेल तर त्याची भरपाई कापली जाते. पण दोन चालकांच्या चुकीनं तिसऱ्याच, निर्दोष माणसाला इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. दोघांनी आपसातली वाटणी मागाहून करावी.

मागे बसलेला माणूस, म्हणजे माझा मित्र, तो तिसरा. त्यानं अॅक्सिलरेटर पिळला नव्हता. मी ५५ म्हणालो तर त्याचा पैसा कापला जायला नको. कापला जाईल तो माझ्या हासळीचा. शिवाय त्याच्या भरपाईतला माझा वाटा उद्या कोणी माझ्या नावावर मागू शकेल.

दीड वर्ष मी स्वतःला सांगत होतो, की मी मित्रासाठी खोटं बोलतोय.

साक्ष

आमच्या ऑफिसात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी 'पोस्टमॉर्टम' होतं. नियम असा, की कोणाला दोष द्यायचा नाही. हे चांगुलपणातून आलेलं नाही. बटण दाबणाऱ्याची नोकरी जाणार असेल तर तो काय दाबलं ते सांगणार नाही, आणि पुढच्या महिन्यात सर्व्हर पुन्हा कोसळेल, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे. बटरफील्डच्या काळात खरं बोलणं म्हणजे सगळं गमावणं होतं. म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक जण चाळीसनंच जात होता. चुकीची वाटणी करता येऊ लागली तेव्हा खरं बोलणं थोडं स्वस्त झालं. पूर्ण फुकट ते कधीच नव्हतं, आणि असूही नये.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी मित्राला सांगितलं. त्याच्याच खोलीत. तो अजून पाय किंचित ओढत चालतो, पावसाळ्यात जास्त.

तो म्हणाला, "भावा, मी तुझ्या खांद्यावरून काटा बघत होतो. मीच म्हणणार होतो, हळू घे."

"मग म्हणाला का नाहीस?"

"पोहोचतच आलो होतो ना."

शिवाजीनगरच्या कोर्टात माझी साक्ष वीस मिनिटंही चालली नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत हवामान विचारलं, दिवा चालू होता का विचारलं, हेल्मेट विचारलं. मग तो प्रश्न आला. मी म्हणालो, पंचावन्न. जबाबात चाळीस का, तर मी तेव्हा खोटं बोललो म्हणून. आमचे वकील खिडकीबाहेर बघत होते. टंकलेखकानं "५५" टाइप केलं आणि पुढच्या वाक्यासाठी थांबला.

निकाल अजून लागायचा आहे. कारवाला बाहेर व्हरांड्यात भेटला. त्यानं विचारलं, पाय कसा आहे त्याचा. मी सांगितलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला खरंच दिसला नव्हतात तुम्ही."

मी म्हणालो, मला माहीत आहे.